जॅक शाबूत होता

धाकट्या चुलतभावाच्या अंगावर जॅकवर उचललेली त्याचीच गाडी आली, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात एकच वाक्य फिरत होतं: जॅकने दगा दिला. काका म्हणाले, जॅक हलका होता. शेजारचे म्हणाले, दोन टनी घ्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो जॅक हातात घेऊन पाहिला. आटे स्वच्छ, स्क्रू सरळ, कैचीच्या चारही पट्ट्या सारख्या, रिव्हेट घट्ट. आधी रिकामाच वरखाली फिरवला, मग त्यानेच गाडीचा तोच कोपरा पुन्हा उचलला. मुकाट्याने उचलला.

जॅक शाबूत असेल तर गाडी पडली कशी?

मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. तिथे लहानसा अपघात झाला तरी चौकशीचा कागद भरावा लागतो, आणि कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ एवढंच लिहिलं तर साहेब कागद परत पाठवतात. त्या सवयीने मी टेप, पाणसळ आणि वही घेऊन अंगणात बसलो. गाडी पडली तशीच ठेवायला सांगितलं होतं, फक्त भावाला काढताना जेवढी हलली तेवढी हललेली. खाली लिहिलंय ते बहुतेक त्या वहीतलं आहे. काही गोष्टी भावाने आठ-दहा दिवसांनी, हात प्लॅस्टरमध्ये असताना, आठवून आठवून सांगितल्या.

काम काय होतं

गाडी लहान हॅचबॅक. रिकामं वजन साधारण 950 किलो, पुढच्या चाकांवर चालणारी, हँडब्रेक मागच्या चाकांना. गतिरोधकावरून जाताना पुढून खडखड आवाज यायचा. भावाने चार व्हिडिओ पाहून लिंक रॉड गेलेत असं ठरवलं. निदान बरोबर होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. नवीन लिंक रॉड आणले, पाने होते, रविवार होता.

लिंक रॉड म्हणजे वीतभर-दीड वीत लांबीची दांडी. गाडीच्या रुंदीभर एक पोलादी बार आडवा गेलेला असतो, वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून. त्या बारचं टोक चाकाच्या बाजूच्या सस्पेन्शनला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या जोडणीला, जोडायचं काम लिंक रॉडचं. वर एक नट, खाली एक नट. चाक काढायचं, दोन नट सोडायचे, दांडी बदलायची. घरच्या घरी करण्याजोग्या कामांत हे सोपं धरतात, आणि ते खरंच सोपं आहे.

डावी बाजू तासाभरात झाली. गाडीसोबत आलेला कैची जॅक लावला, चाक काढलं, नट सुटले, नवी दांडी बसली. या डाव्या बाजूने पुढचा सगळा घोळ घातला असं माझं मत आहे. एकदा काही न होता पार पडलं की तीच पद्धत बरोबर ठरते. खरं तर डावीकडेही बोल्ट छिद्रातून निघत नव्हता, हातोडीने ठोकून काढावा लागला होता. पण ते त्याने मला नंतर, चौथ्यांदा विचारल्यावर सांगितलं. काम झाल्यावर अडचणी कोण मोजतं?

उजवीकडे खालचा नट गंजलेला. पाना लावला की नटाबरोबर आतला खुंटाही गरगर फिरायचा. गंज सोडवायचं तेल मारलं, अर्धा तास थांबला, परत प्रयत्न. शेवटी पाठीवर झोपून चाकाच्या मोकळ्या कमानीतून डोकं आणि उजवा खांदा आत घातला, रिंग पान्यावर 60 सेंटिमीटरचा पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी गाडीच्या पुढच्या दिशेला ओढला. तिसऱ्या हिसक्याला गाडी खाली आली.

त्याला आठवतं ते असं (आर्म म्हणजे चाकाची बाजू गाडीशी जोडणारी खालची लोखंडी दांडी): “आधी आवाज झाला नाही. आधी समोरची आर्म हळूच बाजूला गेली, इतकी हळू की मला वाटलं नट सुटला.” मग दणका.

मधली सहा-सात मिनिटं

खालच्या आर्मचं टोक आणि जमीन यांच्यामध्ये त्याचा उजवा दंड सापडला. छाती सुटली. ती का सुटली ते पुढे सांगतो, त्यात त्याची हुशारी अजिबात नव्हती.

मोबाइल घरात चार्जिंगला. घरात त्याची आई, म्हणजे माझी काकू, मागच्या खोलीत. दणका तिने ऐकला, पण कुणीतरी गेट आपटलं असं समजून ती उठली नाही. त्याने हाका मारल्या तेव्हा आली. पुढची दोन मिनिटं ती एकटीच बंपरला धरून गाडी उचलायचा प्रयत्न करत होती. बंपर प्लास्टिकचा, क्लिपांमधून निघून हातात आला. मग ओरडा ऐकून शेजारचे तिघे आले. एकाने भावाचे पाय धरले आणि ओढायला लागला. “ओढू नका, हात अडकलाय,” हे भाऊ स्वतः ओरडला म्हणून तो थांबला. दुसऱ्याने शहाणपणा केला: धावत जाऊन स्वतःच्या गाडीतला जॅक आणला. घाईत तो आधी दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीला लावला, ती कडकन मोडली. मग नीट जागा शोधून चार-पाच सेंटिमीटर उचललं आणि हात बाहेर आला.

इथे मी वहीत एक रेघ जास्त ओढली आहे. गाडी दुसऱ्यांदा उचलताना तिच्याखाली आधार म्हणून कोणी काहीच सरकवलं नाही. चाकांना दगडही लावला नाही. जी गाडी नुकतीच एका जॅकवरून सरकली, ती तशाच दुसऱ्या जॅकवर, त्याच उतारावर, माणूस खाली असताना उचलली गेली. ती पुन्हा सरकली नाही हे नशीब. उचलणाऱ्यांना दोष देत नाही, माझेही हातपाय त्या वेळी तसेच चालले असते. पण तीन माणसं असतील तर एकाने फक्त चाकांना दगड लावायचे आणि उचललेल्या जागेत मिळेल ते घट्ट लाकूड किंवा चाक सारत राहायचं, एवढं डोक्यात आधीपासून असेल तरच ते त्या क्षणी सुचतं.

दुसरी गोष्ट हाकेची. “काही झालं तर ओरडेन की,” असं घरी काम करणारे सगळेच म्हणतात. भाऊ ओरडू शकला कारण फक्त हात अडकला होता. छातीवर भार आला की फासळ्या वर उचलता येत नाहीत. श्वास आत जात नाही, मग आवाज तरी कुठून निघणार? मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार-पाच मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. काकू दणक्याने उठली नव्हती, हाकेने आली. हाकच निघाली नसती तर ती येईपर्यंत सगळं संपलं असतं.

दवाखान्यात कोपराजवळचं हाड चिरल्याचं दिसलं. बोटांना तीन दिवस बधिरपणा होता, तो गेला. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली आणि पुढचे दोन दिवस लघवीचा रंग बघायला सांगितला. चेंगरलेल्या स्नायूंतून जे द्रव्य रक्तात उतरतं ते मूत्रपिंडांना बाधतं, आणि लघवी गडद चहासारखी झाली तर ती त्याची खूण असते. “मला काही झालं नाही, फक्त हात दुखतोय,” म्हणत घरी बसणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

मोजमापं

अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. पाणसळ ठेवून टेपने मोजलं: गेटच्या दिशेने मीटरला दोन सेंटिमीटर उतार. पावसाचं पाणी जावं म्हणून दिलेला, डोळ्याला जवळपास न दिसणारा. गाडीचं तोंड गेटकडे. त्याच अंगणात तीन मीटर मागे सपाट काँक्रीट आहे. तिथे गाडी का नाही लावली असं विचारलं तर म्हणाला, तिथे उजेड कमी होता.

मागच्या उजव्या टायरपाशी मला हवा तो पुरावा मिळाला. दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता आणि तेव्हापासून गाडी तिथेच उभी होती. टायरभोवती वाळलेल्या चिखलाची कड होती आणि टायर त्या कडेच्या पाच सेंटिमीटर पुढे उभा होता. हँडब्रेक ओढलेला, तोही नऊ दाते, म्हणजे नऊ खटके, वर. गाडी पहिल्या गिअरमध्ये.

पाच सेंटिमीटर. आता जॅककडे येऊ.

कैची जॅकचा स्क्रू गाडीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे हँडल फिरवता येईल असा आडवा असतो. त्याचा पाया गाडीच्या लांबीच्या दिशेने मी मोजला तो 8 सेंटिमीटर. म्हणजे डोकं बरोबर मध्यावर असेल तर पुढे चार, मागे चार. गाडी चार सेंटिमीटर पुढे गेली की वरचा भार पायाच्या कडेबाहेर गेला, आणि तिथून पुढे जॅक उभा राहण्याचा संबंधच नाही, तो आडवाच होणार. दोन बोटं जोडून धरा, तेवढं हे अंतर. आणि हा जॅक नेमका ज्या दिशेला सर्वात अरुंद, त्याच दिशेला गाडीची चाकं फिरतात. हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. रस्त्यात पंक्चर झालं तर चाक बदलायला तो दिलेला असतो, त्याच्याखाली जायला नाही. गाडीच्या पुस्तिकेत गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या चित्रावर फुली मारलेली असते. या पुस्तिकेतही होती. पुस्तिका कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं सील न फोडलेलं.

म्हणून ‘दोन टनी जॅक हवा होता’ हे ऐकलं की मी मान हलवतो. त्या कोपऱ्यावर जेमतेम 300 किलो होते. जॅकवर लिहिलेले टन सरळ खाली येणाऱ्या भाराचे असतात. आडवा रेटा किती सोसेल हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि गाडी पडते खालीच, पण पडायची सुरुवात आडवी होते.

हे पाच सेंटिमीटर गाडी सरकलीच कशी, गिअर होता, हँडब्रेक होता?

गिअर होता, पण नसल्यासारखा. पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल असतं, त्यामुळे ती वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. दोन्ही पुढची चाकं हवेत असताना, गाडी गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने पुढे फिरवून बघा, दुसरं उलटं मागे फिरतं. एकच चाक उचलल्यावरही हेच होतं: जमिनीवरचं चाक खुशाल पुढे जातं, हवेतलं तेवढंच मागे फिरतं, आणि गिअरबॉक्सला पत्ताही लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या पार्किंगच्या खटक्याचीही अशा गाड्यांमध्ये हीच गत. म्हणजे पुढचं एक चाक उचललं त्या क्षणी गाडी फक्त हँडब्रेकवर होती. याच हिशेबाने, मागची दोन्ही चाकं उचलली तर हँडब्रेकचा उपयोग शून्य. तो जे धरून ठेवतो ते हवेत असतं.

आणि हँडब्रेकची केबल ताणून सैल झालेली. मी आणि दोघांनी मिळून हँडब्रेक ओढलेली गाडी उतारावर ढकलून पाहिली, तर ती कुरकुरत पुढे गेली. चांगल्या हँडब्रेकने जागची हलता कामा नये.

आता जोराचा हिशेब. मीटरला दोन सेंटिमीटर उतार म्हणजे 950 किलोच्या गाडीला पुढे जायला सतत साधारण 19 किलोचा रेटा. त्यात भावाचा हिसका, 40 किलोचा तरी धरू. दोन्ही एकाच दिशेला. त्याने पाठ आणि टाचा जमिनीला रोवून पाइप ओढला होता, त्यामुळे तो जोर नुसत्या नटाला नाही, अख्ख्या गाडीला लागला. पाय गाडीच्याच एखाद्या भागाला टेकवून ओढला असता तर गाडीपुरता हिशेब शून्य झाला असता. म्हणून कोणी तसं करावं असं मी म्हणत नाही, पण जोर कुठून कुठे जातो हे कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. 60 सेंटिमीटरच्या पाइपवर 40 किलो म्हणजे सुमारे 235 न्यूटन-मीटर. असा नट साधारण 40 ते 60 मध्ये कसतात.

पण एवढा जोर लागलाच का

या प्रश्नापाशी मी सर्वात जास्त वेळ घालवला.

तो आडवा बार आठवतोय ना? दोन्ही चाकं एकसारखी वरखाली झाली तर बार आपल्या जागेवर नुसता फिरतो. एक चाक वर आणि एक खाली गेलं की तो पिळला जातो, त्याचं कामच ते आहे. भावाने प्रत्येक वेळी एकच बाजू उचलली. उचललेल्या बाजूचं चाक लोंबायला लागलं, दुसरं जमिनीवर दाबलेलं, मध्ये बार पिळलेला, आणि तो सगळा पीळ लिंक रॉडच्या त्या बारीक खुंट्यावर. खुंटा छिद्रात तिरका आवळून बसला. डावीकडे हातोडी लागली ती यामुळेच. पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली असती तर पीळ राहिला नसता.

खुंटा गरगर फिरण्यावरही उपाय समोरच होता. त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते. त्यात ॲलन की घालून खुंटा धरायचा आणि बाहेरून रिंग पान्याने नट फिरवायचा. ती खाच गंजाने आणि मातीने बुजलेली होती, म्हणून त्याला ती खाच आहे हेच दिसलं नाही. दाभणासारख्या टोकदार सळीने मी ती दोन मिनिटांत साफ केली.

आणि तिसरं, जे कळल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की तो खालचा नट चाकाच्या कमानीत समोर येतो. बाहेर स्टुलावर बसून दोन्ही हात पोचतात. आत जायची गरजच नव्हती.

कारखान्यात हाच क्रम शिकवतात: धोक्यापासून बचाव कसा करायचा हे नंतर, आधी धोक्यात जाणं टळतंय का ते बघा. मला स्वतःला घरी काम करताना हा क्रम क्वचित आठवतो. घरी आपण कपडे खराब झालेलेच असतात म्हणून सरळ आडवे होतो.

छाती का सुटली

काढलेलं चाक त्याने दाराच्या पुढच्या भागाखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. सुरक्षेसाठी नाही. रिमच्या वाटीत चाकाचे नट, वॉशर आणि पाने ठेवले की गडगडत जात नाहीत म्हणून! गाडी आली ती त्या नटांच्या ताटलीवर. रिमची कड चेपली, दाराखालची पत्र्याची शिवण वाकली, आणि गाडी जमिनीपासून 17.5 सेंटिमीटरवर थांबली.

चाक नसतं तर? गाडी ब्रेकच्या डिस्कवर येऊन टेकली असती. डिस्कचा व्यास 24, म्हणजे मध्य जमिनीपासून 12 सेंटिमीटरवर. टायर असताना तोच मध्य 28 वर असतो. सस्पेन्शन थोडं तोलून धरेल ते धरो, तरी तो कोपरा चाकावर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा 10 सेंटिमीटरहून खाली गेला असता. चाकावर उभी असताना दाराखालची कड जमिनीपासून 18 सेंटिमीटर आहे. वजाबाकी ज्याची त्याने करावी.

पण आडवं चाक म्हणजे कवच, असंही कोणी समजू नये. प्लॅस्टर निघाल्यावर भावाला जमिनीवर झोपवून मी त्याच्या छातीची जाडी मोजली: 23 सेंटिमीटर. चाकाने जागा ठेवली 17.5. त्या दिवशी त्याची छाती कमानीच्या पोकळीखाली होती, दाराच्या कडेखाली नव्हती, म्हणून भागलं. अरुंद स्टेपनी असते तिची रुंदी तर 125 मिलिमीटरच्या आसपास, ती आडवी टाकली तर हाताच्या जाडीएवढीच जागा उरते. चाक सरकवायचंच, पण स्टँडशिवाय, म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी टेकूशिवाय, नाही, आणि उंची मिळत असेल तर एकावर एक दोन.

परत तेच काम

सात आठवड्यांनी उरलेली उजवी बाजू करायला बसलो. गॅरेजमध्ये टाक असं काकूचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. भावाला मात्र ते स्वतःच्या हाताने करायचं होतं. मी अट घातली: मी सांगेन तेव्हाच हात लावायचा.

गाडी मागच्या काँक्रीटवर घेतली. उजेडासाठी एलईडी दिवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोकल्या, म्हणजे चार. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, कारण हिसका द्यायचाच तर तो तेव्हा द्यायचा. मग ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा पंपाचा जॅक, पुस्तिकेत दाखवलेल्या पुढच्या मधल्या जागी.

ट्रॉली जॅकबद्दल एक गोष्ट सांगतो, जी विकत देणारा सांगत नाही. त्याचा हात कमानीत वर येतो, सरळ नाही. त्यामुळे वर जाताना डोकं थोडं मागे सरकतं, आणि तेवढं पुढे यायला जॅकला आपल्या चाकांवर मोकळं गडगडता आलं पाहिजे. पेव्हरच्या सांध्यात किंवा मातीत त्याची चाकं रुतली की जॅक सरकत नाही, मग डोकंच गाडीच्या पोटावरून घसरतं. आम्ही पंप मारताना खाली बघत होतो: प्रत्येक दाबाला चाकं जराशी पुढे. ठीक.

काकांनी मध्येच सिमेंटचे दोन ब्लॉक आणून ठेवले, “हे पण लावा.” लावले नाहीत. पोकळ ब्लॉक भिंतीत बसतो तेव्हा भार त्याच्या सगळ्या तोंडावर पसरतो. गाडीच्या लोखंडी शिवणीखाली तोच भार एका रेषेवर येतो, आणि ब्लॉक करकरत नाही, वाकत नाही, एकदम फुटतो. विटेचंही तेच. भरीव लाकडाचे ठोकळे एकमेकांवर आडवे-उभे रचले तर ते दबताना आवाज देतात, निदान सूचना मिळते.

दोन्ही बाजूंना दाराखालच्या शिवणीच्या ठरलेल्या जागी स्टँड ठेवले, वर रबराचा खाच असलेला तुकडा. दोन्हींची उंची सारख्या दात्यावर. हँडल खाली रेटून खटका पूर्ण बसलाय का ते बघितलं. हे बघणं उगाच नाही. 2020 मध्ये अमेरिकेत एका विक्रेत्याला लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण त्यांचा खटका दात्यात पुरता बसत नव्हता आणि भार अचानक खाली येत होता. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींत पुढे वेल्डिंगचा दोष निघाला, तेही परत. स्टँड हा सुद्धा लोखंडाचा तुकडाच आहे, म्हणून जॅक काढून न घेता डोकं गाडीला जेमतेम टेकेल असा खालीच राहू दिला. काढलेली दोन्ही चाकं दाराखाली.

मग भावाला म्हटलं, आता गाडी हलव. तो घाबरत घाबरत बोनेटला हात लावायला लागला. “असं नाही,” म्हटलं, “पडणार असेल तर आत्ता पडू दे. नट ओढशील त्याहून जोरात.” त्याने डाव्या हाताने आणि खांद्याने कोपरा रेटला. गाडी स्प्रिंगवर किंचित डोलली आणि डाव्या स्टँडचा एक पाय काँक्रीटवरून उचलला जाऊन परत टेकला. आवाज अगदी लहान, टिक्. पायाखाली बारीक खडी आली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. गाडी परत जॅकवर घेतली, जागा झाडली, स्टँड पुन्हा लावला, पुन्हा रेटली. या वेळी आवाज नाही.

बाकीचं सांगण्यासारखं फार नाही. चष्मा लावला, कारण वर बघितलं की गंजाचे पोपडे थेट डोळ्यात पडतात. गाडी रात्रभर उभी होती, सायलेन्सर थंड होता. तापलेल्या सायलेन्सरला कोपर लागलं की माणूस बघत नाही, उसळतो, आणि उसळणाऱ्या माणसाच्या वर गाडी असते. मोबाइल भावाच्या खिशात नाही, माझ्या हातात. काकू ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती, ती आम्ही बसवली नव्हती.

स्टिअरिंग वळवलं. भाऊ स्टुलावर बसला, खाचेत ॲलन की, नटावर रिंग पाना. नट कुरकुरला आणि सुटला. दांडी हाताने बाहेर आली, हातोडी न लागता. नवी बसवली, टॉर्क पान्याने कसली. जॅक लावल्यापासून चाकं परत जमिनीवर येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली, त्यातली चाळीस उचलण्यात, ठेवण्यात आणि रेटून बघण्यात.

खडखड गेली. हँडब्रेकची केबल त्याने गॅरेजमध्ये बदलून घेतली, आता पाच दात्यांत धरतो. चेपलेल्या रिमचं चाक डिकीत स्टेपनी म्हणून आहे, आणि कैची जॅक त्याच्या शेजारीच, पंक्चरसाठी.